घरातले अण्णा, गावातले अण्णा

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ४६ वर्षांच्या असून पुण्यात बँकेत नोकरी करतात. त्यांचे वडील, अण्णा, तालुक्याच्या गावातील शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी गावात सार्वजनिक वाचनालय उभे केले, दरवर्षी रक्तदान शिबिरे भरवली, गरीब मुलांच्या परीक्षा फी भरल्या. गावात त्यांना मोठा मान आहे. घरात मात्र ‘मी सगळ्यांसाठी झिजलो, माझ्यासाठी कोणी नाही’ हे वाक्य मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत आले. आईच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी अण्णा व्याख्यानाला गेले आणि ‘घरची अडचण बाजूला ठेवून’ आपण कसे गेलो, हे पुढे अनेक भाषणांत सांगत राहिले. आता त्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार ठरला असून गौरव अंक निघणार आहे. मुलीने अंकात लिहायला नकार दिला, तेव्हा ‘नको लिहूस, मी कुणाकडून कधी काही मागितलंय का?’ असे म्हणून अण्णांनी तिच्याशी बोलणे थांबवले, रक्तदाबाची गोळी घेणे सोडले आणि मुलीला बापाची लाज वाटते असे नातेवाइकांना फोन करून सांगितले. पत्रलेखिकेचा थोरला भाऊ गावातच बांधकामाची कंत्राटे घेतो, गाडीच्या आणि बंगल्याच्या गप्पा मारतो, वाढदिवसाला चौकात स्वतःचे फ्लेक्स लावतो. धाकट्या बहिणीने नार्सिसिझमवरचे, म्हणजे स्वतःच्या मोठेपणातच गुंतलेल्या स्वभावावरचे, व्हिडिओ पाहून इंटरनेटवरची एक चाचणी दादाच्या वतीने भरली, तर त्याला भरपूर गुण पडले. पत्रलेखिकेने तीच चाचणी अण्णांसाठी भरली, तर अगदी कमी. त्यातच सतरा वर्षांची लेक भांडणात म्हणाली, ‘तू अगदी आजोबांसारखी बोलतेस.’ घरात नार्सिसिस्ट नेमके कोण, अंकात लिहावे का, आणि सत्कारानंतर आईवडील पुण्यात त्यांच्याच सोसायटीत राहायला येऊ इच्छितात त्याला होकार द्यावा का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

नमस्कार,

चाचणीच्या निकालांपासूनच सुरुवात करते, कारण तुमचा गोंधळ तिथून वाढला आहे. या स्वभावविशेषाच्या संशोधनात सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली रॉबर्ट रॅस्किन आणि कॅल्व्हिन हॉल यांनी १९७९ मध्ये मांडली आणि १९८८ पासून तिचे ४० जोडवाक्यांचे रूप रूढ झाले. प्रत्येक जोडीतील आपल्याला अधिक लागू पडणारे वाक्य निवडायचे, अशी तिची रीत आहे. पुढारीपणाची हौस, मिरवण्याची आवड, इतरांवर हुकमत गाजवण्याची इच्छा या गोष्टी ती नेमक्या टिपते. इंटरनेटवर फिरणाऱ्या चाचण्या बहुधा याच धर्तीच्या असतात, त्यामुळे चौकात फ्लेक्स लावणारा माणूस त्यांत अलगद सापडतो आणि व्यासपीठावर ‘मी तर निमित्तमात्र’ म्हणणारा सुटतो. शिवाय ती प्रश्नावली माणसाने स्वतःबद्दल भरायची आहे. बहिणीने भावाबद्दल किंवा मुलीने वडिलांबद्दल मन दुखावलेले असताना भरायची नाही. तेव्हा दादाचे जास्त गुण आणि अण्णांचे कमी गुण, दोन्ही बाजूला ठेवा.

निदानाविषयीही आधीच स्पष्ट करते. पत्रावरून, व्हिडिओवरून किंवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान होत नाही, त्यामुळे अण्णांना तो आहे की नाही हे मी सांगणार नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराला प्रथम स्वतंत्र जागा दिली. सध्याच्या आवृत्तीत त्याची ९ लक्षणे आहेत : स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, अमर्याद यशाची स्वप्ने, आपण खास आहोत ही खात्री, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला वेगळी वागणूक मिळालीच पाहिजे ही अपेक्षा, इतरांचा वापर करून घेणे, समोरच्याच्या भावनांची दखल न घेणे, मत्सर आणि उद्धटपणा. यांपैकी किमान ५ लक्षणे तरुणपणापासून, निरनिराळ्या ठिकाणी आणि सातत्याने दिसत असतील तरच तज्ज्ञ त्या निदानाचा विचार करतात. ही यादी वाचताना प्रत्येकाला ओळखीची चारदोन माणसे आठवतात, आणि खरे सांगायचे तर एखाद्या ओळीत आपण स्वतःही सापडतो. स्वभावात एखादी छटा असणे आणि विकार असणे यांत मोठे अंतर आहे.

या यादीची एक अडचण मात्र तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ती वाचून डोळ्यांसमोर उभा राहतो तो ताठ मानेचा, मोठ्या आवाजाचा माणूस. प्रत्यक्षात उपचार करणाऱ्यांना अगदी वेगळ्या वागणुकीची माणसेही भेटत होती आणि १९९१ मध्ये पॉल विंक या मानसशास्त्रज्ञाने निरनिराळ्या प्रश्नावल्या ताडून पाहून या स्वभावाचे दोन चेहरे असल्याचे दाखवले. एक चेहरा भव्यतेचा आणि प्रदर्शनाचा, दुसरा हळवेपणाचा आणि दुखावले जाण्याचा. वरवर पाहता एकाचे दुसऱ्याशी काहीच जुळत नाही. पण स्वतःलाच महत्त्व देणे आणि इतरांची फिकीर न करणे हा गाभा दोघांचा सारखाच असतो.

आपल्या घरांत हा दुसरा चेहरा क्वचितच ओळखला जातो, कारण त्याला आपण हळवा, मानी किंवा सोशिक अशी चांगली नावे देतो. तो बढाई मारत नाही. लग्नपत्रिकेत आपले नाव कितव्या ओळीत छापले गेले, कोणी वाकून नमस्कार केला आणि कोणी नुसतेच हात जोडले, आजारपणात कोणाचा फोन आला नाही, याचा हिशेब मात्र तो वर्षानुवर्षे मनात ठेवतो. तो भांडत नाही, ताट बाजूला सारतो. ‘माझं काय, मी आता किती दिवसांचा’ हे त्याचे वाक्य इतक्या हळू आवाजात येते की त्यामागची मागणी ऐकू येत नाही, आणि सगळे घर त्याचा चेहरा वाचत वावरू लागते. इथे थोडे थांबून एक सावधगिरीही सांगायला हवी. लाजरी, चिंतेने ग्रासलेली किंवा नैराश्यात असलेली माणसेही चटकन दुखावली जातात. ज्यांना जातीमुळे किंवा गरिबीमुळे आयुष्यभर मान नाकारला गेला, ती माणसे मानाबद्दल जागरूक असतात आणि तसे असण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. जो मान आपण स्वतःसाठी मागतो तो समोरच्यालाही द्यायला माणूस तयार आहे का, यावरून फरक कळतो.

तिसरे रूप संशोधकांनी त्यामानाने अलीकडे, २०१२ मध्ये, नीट मांडले. योखेन गेबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की काही माणसे आपले श्रेष्ठत्व बुद्धी, रूप किंवा पैसा यांत न शोधता चांगुलपणात शोधतात. माझ्याइतका मदत करणारा, ऐकून घेणारा, त्याग करणारा दुसरा कोणी नाही, ही त्यांची स्वतःबद्दलची खात्री असते. भूक तीच, खास असण्याची आणि कौतुकाची; ती भागवण्याचे ठिकाण तेवढे वेगळे. महाराष्ट्रात सार्वजनिक कार्याची परंपरा मोठी असल्यामुळे, आणि ती आपल्याला मनापासून वंदनीय वाटत असल्यामुळे, हे रूप आपल्याकडे फारच सहज झाकले जाते. समाजासाठी झिजणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांनी तक्रार करायची म्हणजे घरचेच स्वार्थी ठरतात. तुम्ही आजवर कोणाशीच बोलला नाहीत, यामागे हे कारण असावे असे मला वाटते.

तुमचे वर्णन या तिसऱ्या रूपाशी बरेच जुळते, हे मी लपवत नाही. तरीही तुमच्या पत्रातील एका गृहीतकाला हळूच हात घालते. ‘म्हणजे त्यांचे सगळे समाजकार्य ढोंगच होते का?’ असे तुम्ही विचारले आहे. नाही. ज्या मुलांची फी त्यांनी भरली ती मुले खरोखर परीक्षेला बसली, आणि वाचनालयातली पुस्तके खरोखर वाचली गेली. ज्यांना त्यांचा आधार वाटला ते भोळे नव्हते आणि तुम्हाला जे वाट्याला आले ते तुमच्या कल्पनेतलेही नव्हते. गावातले अण्णा खोटे ठरल्याशिवाय घरातले अण्णा खरे ठरणार नाहीत, अशी तुमच्या मनाची समजूत झालेली दिसते. ती सोडून द्या, म्हणजे बराच भार हलका होईल.

दुसरे गृहीतक पिढीचे आहे. अण्णांच्या वयाच्या कितीतरी पुरुषांनी बायकोच्या बाळंतपणात किंवा आजारपणात दवाखान्यात बसणे हे आपले काम मानले नाही, आणि दृष्ट लागेल, मूल शेफारेल म्हणून मुलांचे तोंडावर कौतुक केले नाही. कार्यकर्त्यांच्या घरांत तर संसार एकट्या बाईने ओढायचा हे ठरलेलेच असे. हे अन्यायाचे होते, पण त्या सगळ्या पुरुषांना नार्सिसिस्ट म्हणता येणार नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी व्याख्यानाला जाणे त्या काळाच्या खात्यात टाकता येईल. आईचे ते दुखणे पुढे स्वतःच्या त्यागाचा किस्सा म्हणून सांगत राहणे मात्र त्या खात्यात बसत नाही, कारण तिथे दुखणे तिचे राहिले नाही, तेही त्यांच्या गोष्टीचा भाग झाले.

म्हणून रूप ओळखायचे तर बोलण्यापेक्षा काही प्रसंग पाहावेत असे मी सुचवेन. त्या माणसाला नकार मिळतो तेव्हा काय होते? कौतुक दुसऱ्या कोणाचे चाललेले असते तेव्हा तो त्यात रमू शकतो का, की काही वेळातच विषय स्वतःकडे वळवतो, आजारी पडतो किंवा निघून जातो? आणि त्याची चूक त्याला दाखवली, तर कधीतरी, दोन दिवसांनी का होईना, ती त्याच्याकडून कबूल होते का? एका प्रसंगावरून काही ठरवू नये. पाचदहा वर्षांतले प्रसंग आठवून पाहावेत, आणि जमल्यास भावंडांनी वेगवेगळे बसून आठवावेत, कारण एकत्र बसले की सगळ्यात रागावलेल्या माणसाची आठवण सगळ्यांची होते.

तुमच्या नकाराचा प्रसंग या दृष्टीने पाहा. सत्काराच्या आनंदात असलेले अण्णा एका ‘नाही’वर काही तासांत उपेक्षित, दुर्लक्षित, कोणाकडून काहीच न मागणारे अण्णा झाले. भव्य आणि हळवा हे दोन चेहरे दोन वेगळ्या माणसांचेच असतात असे नाही. एकाच माणसात ते आलटून पालटून येतात असे अभ्यासक आज मानतात, आणि मान मिळत असतो तोवर पहिला चेहरा टिकतो. अबोला, औषध सोडणे आणि नातेवाइकांना फोन करणे या सगळ्यात शब्द दुःखाचे असले तरी काम रागाचे आहे. हाइन्झ कोहूट आणि ऑटो कर्नबर्ग या दोन मनोविश्लेषकांनी १९७० च्या दशकात या रागाचा खोलवर विचार केला. दोघेही जन्माने व्हिएन्नाचे, दोघेही पुढे अमेरिकेत स्थिरावलेले, आणि या विषयावर मात्र एकमत नसलेले. कोहूट यांच्या मते लहानपणी ज्याचे कोणी डोळे भरून कौतुक केले नाही, त्याची ती गरज तशीच अपुरी राहते. कर्नबर्ग यांच्या मते मोठेपणाचे ते कवच आतल्या मत्सरावर आणि आक्रमकतेवर चढवलेले असते. मला कोहूट वाचताना अण्णांसारख्या माणसांबद्दल कणव वाटते आणि कर्नबर्ग वाचताना त्यांना आवर घालण्याची गरज पटते. मुलीला या दोन्हींची गरज पडते, एकाच दिवशीसुद्धा.

आता दादा. त्याच्याविषयी तुम्हा दोघी बहिणींचा निकाल मला घाईचा वाटतो. तुमच्या यजमानांना अपघात झाला तेव्हा तो रातोरात गाडी घेऊन आला आणि दवाखान्यातल्या खुर्चीत झोपला, हे तुम्हीच लिहिले आहे. फ्लेक्सवरून तुम्ही त्याची थट्टा केली तर तो स्वतःही हसतो, हेही तुम्हीच लिहिले आहे. आईला शस्त्रक्रियेला नेणारा तोच होता आणि तेव्हा तो कॉलेजात होता. त्याला मिरवायची हौस आहे, ती कधी कधी असह्य होत असेल आणि चौकाच्या सौंदर्यासाठी फ्लेक्स कमी व्हावेत हे मलाही मान्य आहे. पण थट्टा सोसणारा आणि दुसऱ्याच्या संकटात स्वतःला विसरणारा माणूस बढाईखोर असला तरी या विषयाच्या गाभ्यापासून दूर आहे. ज्या घरात वडिलांची नजर सतत गावाकडे होती, त्या घरातला मोठा मुलगा चौकात स्वतःचा फोटो लावतो, याकडे वेगळ्या नजरेनेही पाहता येईल.

या सदराच्या इतर वाचकांसाठी चौथ्या रूपाचा उल्लेख करते. तुमच्या पत्रात त्याची चिन्हे नाहीत. मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी १९६४ मध्ये ज्याला घातक नार्सिसिझम म्हटले आणि कर्नबर्ग यांनी ज्याचे पुढे तपशिलात वर्णन केले, त्यात आत्मप्रौढीबरोबर क्रूरपणा, टोकाचा संशय आणि दुसऱ्याला दुखावण्यात मिळणारे समाधान असते. घरात धमक्या, मारहाण, पैशांची अडवणूक किंवा पाळत असेल, तर रूप ओळखत बसू नये, आधी सुरक्षित व्हावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा शिवीगाळ, अपमान, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसा मानतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ या क्रमांकांवर मदत मिळते.

लेकीच्या वाक्याने तुम्ही हादरला आहात. ‘ज्याला आपण नार्सिसिस्ट आहोत का असा प्रश्न पडतो, तो नार्सिसिस्ट नसतोच’ असे व्हिडिओंत सांगतात. त्यावर विसंबू नका, कारण हळव्या रूपातील माणसे स्वतःबद्दल सतत शंका घेतच असतात. मला आश्वासक वाटले ते तुमचे दुसऱ्या दिवशीचे वागणे. ‘मी नेमकं काय बोलले की तुला आजोबा आठवले?’ असे तुम्ही तिला विचारलेत आणि तिने सांगितलेले मध्ये न बोलता ऐकलेत. ‘मी तुझ्यासाठी किती करते’ हे तुमचे वाक्य तिने दाखवून दिले. ते वाक्य वारशाने आले आहे. ते तोंडी आले की पुढचे शब्द बदलता येतात. ‘मी दमले आहे, मला मदत हवी’ असे सरळ म्हटले तर मागणी स्वच्छ होते आणि समोरच्यावर उपकाराचे ओझे चढत नाही. नेदरलँड्समधील शाळकरी मुलांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तू इतर मुलांपेक्षा श्रेष्ठ आहेस असे मानणाऱ्या आईवडिलांच्या मुलांत पुढे नार्सिसिझमची वाढ दिसली. ज्यांना घरात माया मिळत होती त्यांच्यात निरोगी आत्मसन्मान वाढला. बारावीच्या गुणांवरून मुलांची मिरवणूक काढणाऱ्या आपल्या समाजाने यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

आता मुख्य गृहीतकाकडे येते. अण्णा नार्सिसिस्ट ठरले की काय करायचे ते आपोआप ठरेल, असे तुम्हाला वाटते. तसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तर व्यक्तिमत्त्व विकारांचे असे जुने कप्पे जवळजवळ मोडीतच काढले आहेत. त्याऐवजी त्रास सौम्य, मध्यम की तीव्र आहे आणि त्या माणसाच्या नात्यांवर त्याचा किती परिणाम होतो, हे आधी पाहिले जाते. तुमच्यासाठीही हाच प्रश्न उपयोगाचा आहे. अण्णा कोण आहेत यापेक्षा कोणत्या गोष्टीत, किती आणि कोणाला त्रास होतो, हे लिहून काढा. निर्णय तिथून घेता येईल. आणि जे काही वाचले-पाहिले त्याच्या बळावर ‘तुम्ही नार्सिसिस्ट आहात’ असे त्यांच्या तोंडावर म्हणू नका. त्याने त्यांच्यात बदल होणार नाही, तुम्ही कृतघ्न असल्याचा आणखी एक पुरावा तेवढा त्यांच्या हाती लागेल.

गौरव अंकाबाबत तुमच्यासमोर खोटी स्तुती आणि नकार एवढे दोनच मार्ग नाहीत. वाचनाची गोडी अण्णांनीच लावली, ते रोज संध्याकाळी तुमच्याकडून वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचून घेत, हे तुमच्या पत्रातले एकमेव वाक्य असे आहे की ज्यात राग नाही. त्यावर तीनचारशे शब्द लिहा. त्यात वाचनालय असावे, अग्रलेख असावा, घर नसावे. ‘आदर्श पिता’ हे शब्द तुमच्या मनातले नसतील तर लिहू नका. लेख थेट संपादकांकडे पाठवा आणि अण्णांना एवढेच सांगा, ‘मी वाचनालयावर लिहिलं आहे, घराबद्दल लिहिणार नाही.’ ते दुरुस्त्या सुचवतील किंवा ‘तुला जे सुचेल ते’ असे उसासा टाकून म्हणतील. दोन्ही वेळा स्पष्टीकरण देत बसू नका. एवढेही लिहवत नसेल तर लिहू नका, समारंभाला मात्र जा आणि पहिल्या रांगेत बसा. न गेल्यास तुमच्या गैरहजेरीचाच सोहळा होईल. जुना हिशेब सभागृहात उघडण्याचा मोह झालाच, तर त्याची किंमत तुमच्याआधी आई मोजेल हे ध्यानात असू द्या.

गोळीचा प्रश्न लेखापासून पूर्णपणे वेगळा ठेवा. रक्तदाबाचे औषध अचानक बंद करणे धोक्याचे असते, त्यामुळे दादाने आजच त्यांच्या डॉक्टरांना कळवावे आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलावे. तुमचा लेखाबाबतचा निर्णय त्यामुळे बदलू नये, नाहीतर पुढच्या प्रत्येक मतभेदात गोळीच बोलू लागेल. जीव नकोसा झाल्याची भाषा कधी आली तर ती दबावासाठी आहे असे वाटले तरी गंभीरपणे घ्या. आणखी एक महत्त्वाची बाब : व्यक्तिमत्त्वाची ठेवण तरुणपणापासून दिसते. सत्तरीनंतर एखाद्याचे वागणे नव्यानेच बदलले असेल, उदाहरणार्थ अचानक आलेला उद्धटपणा, संशय, पैशांचे विचित्र व्यवहार किंवा भावनांचा कोरडेपणा, तर स्वभावाला दोष देण्यापूर्वी नैराश्य, स्मृतिभ्रंश आणि इतर शारीरिक कारणांची तपासणी करून घ्यावी. अण्णांचे वागणे जुनेच आहे असे तुमच्या पत्रावरून वाटते, तरी अबोला नेहमीपेक्षा लांबला आहे, म्हणून ही शक्यता डॉक्टरांसमोर जरूर ठेवा.

उपचारांबाबत फार आशा दाखवणे योग्य नाही. या स्वभावावर गोळी नाही. दीर्घकाळची मानसोपचार-संभाषणे उपयोगी पडतात, परंतु माणूस बहुधा स्वतःहून येत नाही, आला तर पद गेल्यावर, जोडीदार गेल्यावर किंवा नैराश्य आल्यावर येतो. म्हणून पहिली भेट तुम्ही स्वतःसाठी घ्या. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ निवडा. ‘नार्सिसिस्टपासून मुक्ती’ अशा जाहिराती करणारे प्रशिक्षक टाळा. गावातून मदत हवी असलेल्या वाचकांनी टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर वापरावी. तिथे मराठीतही बोलता येते.

राहिला पुण्याचा प्रश्न, आणि तो मला अंकापेक्षा बराच मोठा वाटतो. सत्कार झाल्यानंतरचे महिने अण्णांना कठीण जातील. गावात त्यांना रस्त्याने चालताना नमस्कार मिळतात. पुण्याच्या सोसायटीत ते ‘बी विंगमधल्या मॅडमचे वडील’ असतील. आजवर जे कौतुक सारे गाव पुरवत होते, ते एकट्या तुमच्याकडून मागितले जाईल. म्हणून त्याच सोसायटीत नको, पंधरावीस मिनिटांवर घर बघा, आणि आधी तीन महिने भाड्याने राहून पाहावे असे सुचवा. घरकामाला बाई कोण लावणार, दवाखान्यात कोण नेणार, तुम्ही आठवड्यातून कोणत्या दिवशी येणार, खर्चात दादाचा वाटा किती, हे येण्यापूर्वी तिन्ही भावंडांनी कागदावर ठरवावे. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा एखाद्या वाचनालयात त्यांना काम मिळाले तर उत्तमच. ते त्यांना खरोखर येते, आणि तिथले कौतुकही त्यांनी कष्टाने मिळवलेले असेल.

शेवटी तुमच्या पत्राबद्दल एक निरीक्षण. पाच पाने आहेत, आणि आई त्यांत फक्त शस्त्रक्रियेच्या प्रसंगी येते. तुम्ही तिच्या बाजूने लिहिले आहे, तरीही पाने अण्णांनी भरली आहेत; अशा माणसाभोवती राहणाऱ्यांचे लक्ष, अगदी त्यांच्या विरोधात असलेल्यांचेही, असेच वाटले जाते. आईला गाव सोडायचे आहे का, हे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. तिच्या मैत्रिणी, देऊळ, भाजीवाली, ठरलेले डॉक्टर, पन्नास वर्षांचे सगळे तिथे आहे. अण्णा सत्काराच्या बैठकांना बाहेर पडतात तेव्हा तिला फोन करा, किंवा दोन दिवस तिला एकटीलाच पुण्याला घेऊन या, आणि विचारा. ‘तुझे वडील म्हणतील तसं’ हे उत्तर पहिल्यांदा येईल, तेव्हा पुन्हा विचारा. तिचे स्वतःचे उत्तर मिळेपर्यंत फ्लॅटचे टोकन देऊ नका.